छ म्हणजे चंद्र
मराठी कागदांतील हिजरी महिने आणि मृगाचे वर्ष

पेशवाईतले एखादे सरकारी पत्र समोर घ्या. सुरुवातीला वर्ष येते, आणि ते आकड्यांत येत नाही, अरबी शब्दांत येते. उदाहरणार्थ 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. मग मजकूर. आणि मजकूर संपला की तारीख, समजा 'छ ७ जमादिलाखर'. मोडी शिकायला आलेला विद्यार्थी हळूहळू अक्षरे लावू लागतो, लपेटी सोडवू लागतो, पण या दोन ठिकाणी हमखास अडतो. भाषा मराठी, लिपी मोडी, राज्य छत्रपतींचे, लिहिणारा एकादशी करणारा कारकून. मग वर्ष अरबी आणि महिना हिजरी कसा?

'सुलतानी अमदानीतली जुनी सवय' एवढे म्हणून हा प्रश्न मिटवता येतो, आणि बहुतेक वेळा तसाच तो मिटवला जातो. मी गेली अनेक वर्षे अशा कागदांतल्या तारखा उलगडत आलो आहे आणि मला ते उत्तर अपुरे वाटते. सवयीने शब्द टिकतात, पण चारशे वर्षे रोजचा हिशेब टिकत नाही. पत्राच्या माथ्यावरचे वर्ष आणि पायथ्याची तारीख या दोन वेगळ्या कालगणना आहेत. वर्ष सूर्याचे आहे आणि तारीख चंद्राची. त्यांची सांगड इथे का घातली गेली हे समजायचे तर आधी हिजरी वर्ष स्वतः कसे चालते ते नीट पाहावे लागते.

हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे. बारा महिने, प्रत्येक २९ किंवा ३० दिवसांचा, वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. सौर वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. ३३ हिजरी वर्षे सरतात तेव्हा सौर वर्षे जेमतेम ३२ झालेली असतात. महिना लागतो तो अमावास्या संपल्याच्या क्षणी नाही. सूर्यास्तानंतर पश्चिमेला बारीक कोर डोळ्यांना दिसली म्हणजे लागतो. २९ तारखेच्या संध्याकाळी कोर दिसली तर नवा महिना. दिसली नाही, आभाळ भरून आले, तर चालू महिन्याचे तीस दिवस पुरे करायचे. एकतिसावा दिवस कधीच नसतो. दिवसाची सुरुवातही सूर्यास्तापासून होते. गुरुवारला जुम्मेरात म्हणतात ते यामुळेच: गुरुवारचा सूर्य मावळला की जुम्म्याची रात्र लागली.

या महिन्यांची नावे मात्र ऋतूंची आठवण ठेवून आहेत. रबी म्हणजे वसंत. जमादी हा शब्द गोठण्याशी, कडक होण्याशी जोडतात. रमजानच्या मुळाशी तापलेल्या जमिनीचा दाह आहे. ही नावे पडली तेव्हा महिने ऋतूंना बांधलेले असावेत. इस्लामपूर्व अरबस्तानात 'नसी' नावाची प्रथा होती. तिचा नेमका अर्थ अधिक महिना घालणे की पवित्र महिना सोयीने पुढे ढकलणे, याबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत, इ.स. १०००च्या सुमारास लिहिलेल्या 'आसार अल-बाकिया' या ग्रंथात अल-बिरुनीने पहिला अर्थ घेतला आहे. कुराणाच्या नवव्या सुऱ्याने महिन्यांची संख्या बारा अशी पक्की केली, त्यांतले चार पवित्र ठरवले आणि नसीला मनाई केली. पैगंबरांच्या अखेरच्या हजयात्रेपासून, म्हणजे इ.स. ६३२ पासून, हे महिने ऋतूंपासून कायमचे सुटले.

वर्षांना क्रमांक मिळाला तो त्यानंतर, दुसरे खलिफा उमर यांच्या काळात, हिजरी १७च्या सुमारास. परंपरेने सांगितलेली कथा मोठी बोलकी आहे. उमर यांच्यापुढे एक कागद आला, त्यावर देण्याची मुदत 'शाबान' एवढीच लिहिलेली. त्यांनी विचारले, कोणता शाबान? गेला, चालू की येणारा? धर्माला महिना पुरेसा असतो. रोजा रमजानात करायचा, हज जिल्हेजमध्ये. वर्षाचा आकडा हवा असतो तो कारभाराला. वर्षगणना पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरापासून धरली. ते स्थलांतर रबिलावलमध्ये झाले होते, पण वर्षारंभ मोहरमचाच ठेवला. त्या हिशेबाने पहिल्या वर्षाचा पहिला दिवस १६ जुलै ६२२.

धार्मिक आचारांचे सगळे गणित या फिरत्या महिन्यांवर आहे. मोहरमची दहावी म्हणजे आशुरा, इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा दिवस. रबिलावलची बारावी पैगंबरांच्या जन्माची. रजबच्या सत्ताविसाव्याला शबे-मेराज, साबानच्या पंधराव्या रात्री शबे-बरात, मग रमजानचे रोजे, सवालच्या पहिल्या तारखेला ईद-उल-फित्र, जिल्हेजच्या पहिल्या पंधरवड्यात हज आणि दहावीला बकरीद. यातला कुठलाच दिवस ऋतूला बांधलेला नाही. २०१३ ते २०१६ या वर्षांत रमजान आपल्याकडे जून-जुलैत, ऐन पावसाळ्याच्या तोंडी आला. २०३० साली तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. लहानपणी पहिला रोजा धरणारा माणूस पन्नाशीला येईपर्यंत थंडी, उन्हाळा आणि पाऊस या तिन्हींत उपवास करून मोकळा होतो. कुणा एका देशाच्या वाट्याला कायमचे कडक रोजे येत नाहीत आणि कुणाच्या वाट्याला कायमचे सोपे येत नाहीत.

दख्खनमध्ये या महिन्यांना घरगुती नावे पडली. जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेल्या आणि हर्क्लॉट्स याने १८३२ साली इंग्रजीत आणलेल्या 'कानून-ए-इस्लाम' या पुस्तकात त्यांचे जग भेटते. सफर महिना म्हणजे तेरातेजी, कारण त्याचे पहिले तेरा दिवस जड मानले जात. रबिलावल म्हणजे बारावफात. जमादिलावल म्हणजे मदार. जिल्कादला बंदेनवाज असे नाव मिळाले, कारण गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा उरूस त्या महिन्यात असतो. ते १६ जिल्काद ८२५ रोजी, म्हणजे १ नोव्हेंबर १४२२ला वारले. अरबस्तानातून आलेल्या महिन्याला इथल्या पिराचे नाव लागावे, यावरून तो महिना इथे किती मुरला होता ते कळते.

मोहरम तर गावगाड्याचाच भाग झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर यांच्या प्रभावाने १५३७ साली शिया पंथ स्वीकारला, तेव्हापासून त्या भागात मोहरमला राजाश्रय होता. पुढे निजामशाही गेली, पण पंजे, सवाऱ्या आणि ताबूत राहिले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत आजही दोन्ही समाजांचे लोक मिळून उचलतात. 'कत्तलची रात्र' हा शब्द मराठी खेड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

इथवर धर्माचे ठीक चालते. अडचण सुरू होते ती सारा वसूल करताना. पीक सूर्यावर पिकते. सारा चांद्र वर्षाने मागितला तर मागणीची तारीख दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येते. काही वर्षांत कणीस भरण्याआधीच वसुलीचा माणूस दारात उभा राहतो, आणि ३२ पिकांवर ३३ सारे द्यावे लागतात. ही अडचण फक्त दख्खनची नव्हती. हिजरी सन मानणाऱ्या प्रत्येक राज्याला शेतीसाठी दुसरे वर्ष शोधावे लागले. बगदादचा खलिफा अल-मुतादिद याने इ.स. ८९५ मध्ये वसुलीचा नवरोज पुढे ढकलून ११ जूनवर आणला, कारण पिके तयार होण्याआधी सारा द्यावा लागतो अशी रयतेची ओरड होती. उस्मानी तुर्कांचा खजिना सौर वर्षाने हिशेब ठेवी आणि आकडा हिजरीशी जुळता राहावा म्हणून सुमारे ३३ वर्षांतून एक वर्ष गाळून टाकी. अकबराने १५८४ साली इलाही सन सुरू केला तेव्हा अबुल फजलने जी कारणे नोंदवली त्यांत चांद्र वर्षाने होणारा रयतेचा तोटा हे एक ठळक कारण होते.

दख्खनने यावर उत्तर काढले ते अकबराच्या दोनशे चाळीस वर्षे आधी. सुहूर सन, ज्याला आपल्याकडे सूरसन, अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणत. 'शुहूर' हे अरबीतल्या 'शहर' म्हणजे महिना या शब्दाचे अनेकवचन. नाव महिन्यांचे असले तरी वर्ष सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलते. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून चांगला वर्षारंभ कोणता? मृग निघाला, पेरणीची तयारी झाली, वर्ष नवे झाले.

सुहूर सन कधी सुरू झाला याचा आदेश हाती नसला तरी गणित तो सांगते. सुहूर सनात ५९९ मिळवले (जानेवारीपासून मृगापर्यंत ६००) की इसवी सन येतो. हा सन मागे मागे नेत गेलो तर सुहूर आणि हिजरी यांचे आकडे ७४५ या वर्षी एकमेकांना भेटतात. हिजरी ७४५ सुरू झाले १५ मे १३४४ला आणि त्या वर्षीचा मृग त्यानंतर जेमतेम आठवड्याभराने लागला. तेव्हा दख्खन महंमद तुघलकाच्या ताब्यात होते, राज्यकारभार दौलताबादेतून चालत होता आणि बहमनी राज्य निघायला तीन वर्षे होती. चालू हिजरी आकडा घेतला आणि तिथून पुढे तो सूर्याच्या चालीने मोजायला सुरुवात केली, असा याचा अर्थ.

हीच युक्ती पुढे दुसऱ्यांदा झाली. शाहजहानच्या काळात हिजरी १०४६ म्हणजे इ.स. १६३६च्या सुमाराला दख्खनमध्ये फसली सन आला. फसल म्हणजे पीक. त्यानेही तेव्हाचा चालू हिजरी आकडा उचलला आणि तो सौर वर्षाला बांधला. म्हणून फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात.

या तिन्हींचे नाते एका दिवसावर तपासून पाहता येते. पानिपतचा दिवस घेऊ: १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. त्या दिवशी हिजरी सन होता ११७४, फसली ११७० आणि सुहूर ११६१. तिघांचे मूळ एक, तरी आकडे तीन. ७४५ पासून त्या दिवसापर्यंत सुहूर वर्षे झाली ४१६; तेवढ्यात हिजरी वर्षे झाली ४२९. फरक १३, आणि ४१६ला ३२ने भागले की १३च येतात. फसलीचा फरक ४. १०४६ पासूनच्या १२४ वर्षांना ३२ने भागले की चारच्या जवळपास येते. आकड्यांतले अंतर म्हणजे त्या सनाचे वय. हे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मला या गणनांबद्दल नवाच आदर वाटला. एरवी गोंधळ वाटणारे आकडे एका साध्या नियमाने चालत होते.

सुहूर सनाचे अरबी शब्दही दिसतात तेवढे परके नाहीत. अरबीत एकक आधी येतो आणि दशक नंतर: इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ. मराठीतही आपण एकसष्ट म्हणतो, साठ-एक म्हणत नाही. म्हणून 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एकसष्ट, शंभर आणि हजार: ११६१. मराठी कारकुनाला हा क्रम कानाला ओळखीचा होता. धोका आहे तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर. समान म्हणजे आठ, समानीन म्हणजे ऐंशी. घाईच्या मोडीत सितैन आणि सबैन यांची गल्लत झाली की कागद दहा वर्षे सरकतो.

आता पायथ्याची तारीख. 'छ' हे 'चंद्र' या शब्दाचे संक्षिप्त रूप मानतात. छ ७ म्हणजे चंद्राचा सातवा दिवस. त्या पुढे येणारे महिने मराठी तोंडात बसलेले: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. वर्षासाठी सूर्य घेतला तसा महिन्यासाठीही चैत्र-वैशाख का घेतले नाहीत?

शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू केला. त्यांच्याच काळात रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. भाषेबद्दल इतकी जागरूकता असतानाही सुहूर सन आणि छ सुटले नाहीत. १८१८ पर्यंत ते मराठी दफ्तरांत चालूच राहिले. मला याची दोन कारणे दिसतात. एक उघड आहे. मोगल, निजाम, आदिलशाही सरदार, देशमुखांच्या पेट्यांतले जुने कागद, या सगळ्यांशी जुळणारी तारीख तीच होती. दुसरे कारण हिशेबाचे आहे. तिथीचा क्षय होतो आणि वृद्धीही होते. एखाद्या पंधरवड्यात पंचमीनंतर थेट सप्तमी उजाडते, तर कधी अष्टमी दोन दिवस राहते. पूजेला ते चालते. पण रोजकीर्द लिहिणाऱ्याला, शिपायाचा रोजमुरा मोजणाऱ्याला, प्रत्येक उजाडणाऱ्या दिवसाला एक आणि एकच क्रमांक हवा असतो. चंद्राच्या तारखेत एकही आकडा गळत नाही, एकही दोनदा येत नाही. कारकुनाला ती तारीख परधर्माची वाटण्यापेक्षा हिशेबाची वाटत असणार, असे मला वाटते.

शिवाय चंद्र एकच आहे. पंचांगातला महिना अमान्त धरला तर तो अमावास्येनंतर सुरू होतो; हिजरी महिना त्यानंतर एक-दोन दिवसांनी, कोर दिसल्यावर. भाऊबीजेला संध्याकाळी आपल्याकडे ज्या कोरीला ओवाळतात ती बहुधा हिजरी महिन्याची पहिली कोर असते. त्यामुळे शुद्ध अष्टमी म्हटले की छ ६ किंवा ७ हा अंदाज जुन्या कारकुनाला बोटांवर करता येत होता. दोन्ही गणनांत खरा फरक एकच आहे: अधिक महिना. पंचांग सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून चंद्राला ऋतूत ओढून आणते. हिजरी गणना चंद्राला मोकळे सोडते.

याचा परिणाम आपण अलीकडेच पाहिला. २०१७ साली मोहरमची दहावी आश्विनात आली. २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ पडला आणि मोहरम भाद्रपदात आला. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे गणेशोत्सव आणि ताबूत एकाच दहा दिवसांत झाले. मग २०२० साली अधिक आश्विन पडला आणि २०२१चा मोहरम श्रावणात सरकला. दर अधिक मासाबरोबर हिजरी महिना पंचांगात एक घर मागे जातो. यापूर्वी ही जोडी १९८०च्या दशकाच्या मध्यात जमली होती. पुढची पाहायला अजून बरीच वर्षे थांबावे लागेल.

या सगळ्याचा इतिहासाला उपयोग काय, असे कुणी विचारेल. शाइस्तेखानावरच्या छाप्याचे उदाहरण घ्या. ५ एप्रिल १६६३ची रात्र, चैत्र शुद्ध अष्टमी. हिजरी महिना रमजान; सर जदुनाथ सरकार सहावी तारीख धरतात. दिवसभर रोजा करून, रात्री जेवून लाल महालातली माणसे झोपली होती. पहाटेच्या सहेरीसाठी मुदपाकखान्यात काही आचारी तेवढे जागे होते. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. ही तारीख नुसती '५ एप्रिल' म्हणून वाचली तर यातले काहीच दिसत नाही. तिथी अंधार केव्हा पडणार ते सांगते आणि हिजरी महिना वाड्यातली माणसे कशी वागत असतील ते सांगतो. छाप्याची वेळ ठरवणाऱ्याला दोन्ही ठाऊक होते.

एका दिवसाचा फरकही इथेच समजून घ्यावा लागतो. गणिती कोष्टके तीस वर्षांचे चक्र धरतात: त्यात ११ वर्षे ३५५ दिवसांची, एकूण १०,६३१ दिवस. सरासरी इतकी नेमकी की एका दिवसाची चूक व्हायला दोन हजारांहून जास्त वर्षे लागतात. दाऊदी बोहरा समाज धार्मिक व्यवहारासाठीही याच प्रकारची कोष्टके वापरतो. त्यांचा रमजान नेहमी तीस दिवसांचा असतो आणि त्यांची ईद मुंबईतल्या इतर मुसलमानांच्या एक-दोन दिवस आधी येते. पण डोळा कोष्टकाला बांधील नसतो. पानिपतच्या दिवशी कोष्टकाने ७ जमादिलाखर येते. त्या महिन्याची कोर ७ जानेवारीच्या संध्याकाळी दिसली असेल तर ती बरोबर. ८ला दिसली असेल तर त्या दिवशी छ ६. पावसाळ्यातले महिने तर ढगांच्या हवाली. कोकणातला कागद आणि दिल्लीचा कागद एकाच दिवशी लिहिलेले असूनही त्यांत एका तारखेचा फरक पडला तर लगेच कुणाला खोटे ठरवू नये.

याहून मोठा सापळा वर्षाच्या सांध्यावर आहे. सुहूर वर्ष ३६५ दिवसांचे आणि त्यात फिरणारे महिने ३५४ दिवसांचे. म्हणजे प्रत्येक सुहूर वर्षात सुमारे अकरा तारखा दोनदा येतात, एकदा वर्ष लागताच आणि एकदा ते संपताना. पुन्हा तेच वर्ष घेऊ, इहिदे सितैन. ते मृगाला, जून १७६०च्या सुरुवातीला लागले. या वर्षात छ २५ सवाल दोनदा येतो: कोष्टकाप्रमाणे एकदा १० जून १७६०ला आणि एकदा ३० मे १७६१ला. पहिल्या तारखेला सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव फौजेसह उत्तरेच्या वाटेवर होते. दुसऱ्या तारखेला पानिपत होऊन साडेचार महिने झाले होते आणि नानासाहेब पेशव्यांच्या आयुष्याचे शेवटचे दिवस चालू होते. वर्ष तेच, महिना तोच, तारीख तीच. एक कागद उमेदीचा आणि दुसरा सुतकातला. कोणता कोणता, हे आकडा सांगत नाही. ते मजकुरातून, माणसांच्या नावांतून, पावसापाण्याच्या उल्लेखांतून काढावे लागते.

म्हणूनच मोडक जंत्री आणि खरे जंत्री या मोडी वाचणाऱ्याच्या उशाशी असतात. म्हणूनच शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर १८९६ साली 'द इंडियन कॅलेंडर' सिद्ध केले तेव्हा त्यात हिंदू तारखांबरोबर मुसलमानी तारखांची कोष्टकेही घातली. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिणाऱ्या, मुरूडला जन्मलेल्या या मराठी शिक्षकाला ठाऊक होते की आपल्या देशाचा काळ एका पंचांगात मावत नाही.

आता संगणक आहे. हिजरी तारीख टाकली की इंग्रजी तारीख क्षणात येते. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. धोका असा की जुन्या कागदांच्या नव्या याद्या करताना मूळ तारीख गाळून केवळ तयार इंग्रजी तारीख लिहिण्याची पद्धत पडते आहे. १० जून की ३० मे हा निर्णय यादी करणाऱ्याने एकदा घेतला, किंवा यंत्राने त्याच्या वतीने घेतला, की पुढच्या वाचकाला तिथे दोन शक्यता होत्या हेच कळत नाही. त्याला शंका घ्यायलाही जागा उरत नाही. छ २५ सवाल हा पुरावा आहे. ३० मे हा त्यावरचा अभिप्राय आहे. अभिप्राय द्यावा, पण पुराव्याशेजारी.

कंपनी सरकार आले तशी दफ्तरातली छ हळूहळू मागे पडली. फसली मात्र महसुलात टिकला. निजामाच्या राज्यात त्याचा वर्षारंभ ऑक्टोबरात गेला आणि महिन्यांना आजूर, दै, बहमन अशी इराणी नावे लागली. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत अजून असे कागद आहेत; हैदराबाद मुक्त झाले ते वर्ष त्या कागदांवर १३५७ फसली आहे. तिथेही चूक करणे सोपे आहे. पुण्याकडचा फसली मृगाला बदलतो आणि हैदराबादचा ऑक्टोबरात. एकाचे कोष्टक दुसऱ्याला लावले की काही महिन्यांचे कागद सरळ एका वर्षाने चुकतात.

दिवाळीची साफसफाई करताना अनेक घरांत जुनी ट्रंक, वेळूची नळी, फडक्यात बांधलेले दप्तर बाहेर निघते. वाचकांपैकी कुणाच्या हाती असा कागद आला तर एक विनंती. तो कुणाकडून तरी वाचून घ्यालच. पण तेव्हा 'कोणत्या सालचा' एवढेच विचारून थांबू नका. वरचे अरबी शब्द आणि खालची छ, जसे असतील तसे, एका वेगळ्या कागदावर उतरवून मूळ कागदाबरोबर ठेवा. मृगाला बदलणारे वर्ष आणि कोर पाहून लागणारा महिना, दोन्ही आपल्याच पूर्वजांनी आपल्याच हाताने लिहिले आहेत.